विचारायचं कुणाला?

कॅन्सरच्याही आधी मला कागदांची धास्ती बसली. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, गालात आतून एक जखम होती, ती भरतच नव्हती. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी तिचा तुकडा तपासायला पाठवला, रिपोर्ट आला, तो त्यांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, "वेळ घालवू नका. परळला टाटाला जा." मी लांजा तालुक्यातल्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. नोंदी, रजिस्टरं, पावत्या हेच माझं रोजचं काम. तरी टाटाच्या नोंदणीच्या रांगेत उभी राहिले आणि हातातल्या पिशवीत काय काय आहे तेही मला आठवेना.

रांगेत पुढे एक बंगाली जोडपं, मागे गोरखपूरहून आलेला मुलगा आणि त्याची आई, शेजारी कोल्हापूरकडचे एक काका. काकांनी माझ्या हातातला रिपोर्ट पाहिला आणि विचारलं, "ब्लॉक आणलाय का?" मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी समजावून सांगितलं. काढलेला तुकडा लॅबवाले मेणात बसवून ठेवतात, तो ब्लॉक. त्याचे पातळ काप काचेवर घेतात, त्या स्लाइड. टाटाचे डॉक्टर बाहेरच्या नुसत्या रिपोर्टवर जात नाहीत, ब्लॉक आणि स्लाइड स्वतः तपासतात. आमच्या दोन्ही वस्तू रत्नागिरीच्या लॅबमध्येच होत्या. मिस्टरांना फोन केला, त्यांनी संध्याकाळी त्या ताब्यात घेऊन रात्रीच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिल्या आणि पहाटे मी दादरला जाऊन उतरवून घेतल्या. काकांची स्वतःची बायको आत केमोच्या खुर्चीवर होती. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं माझी चौकशी करायला.

नोंदणी झाली. जनरल की प्रायव्हेट, हा प्रश्न आला. जनरल म्हटलं, त्यात खर्च फारच कमी. अण्णांना एक नंबर मिळाला आणि एक कार्ड. मग तपासण्या, सीटी स्कॅन, दातांचे डॉक्टर, भूलतज्ज्ञ. शेवटी जॉइंट क्लिनिक, म्हणजे ऑपरेशनवाले, लाईटवाले आणि केमोवाले डॉक्टर एकत्र बसून पेशंट बघतात आणि काय करायचं ते एकमुखाने ठरवतात. आमचं ठरलं: आधी ऑपरेशन, मग लाईट. रेडिएशनला तिथे सगळे लाईट म्हणतात. हे सगळं डॉक्टरांनी नीट सांगितलं होतं. पण त्या खोलीबाहेर आल्यावर राहायचं कुठे, जेवायचं काय, पैसे किती लागतील आणि अण्णांशी बोलायचं काय, हे विचारायचं कुणाला, ते मला कळत नव्हतं.

राहायची सोय आधी आत्याकडे होती. आत्या गिरगावात फणसवाडीत राहते. दीड खोली, तिसरा मजला, लाकडी जिना, संडास गॅलरीच्या टोकाला. आत्याने जीव लावला, त्यात काही कमी नाही. पण अण्णांच्या तोंडातून लाळ गळायची, ती पुसायला ते सारखे गॅलरीत जायचे. बहिणीच्या घरी, सुनेच्या देखत, त्यांना ते सहन होत नव्हतं. गॅलरीतल्या एका बाईंनी आमच्या दारात खेळणाऱ्या नातवाला हाताला धरून ओढून नेलं, तेही त्यांनी पाहिलं. कॅन्सर शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. हे पाठ्यपुस्तकात असूनही माणसांच्या मनात शिरत नाही, आणि त्याची किंमत पेशंट मोजतो.

गिरगावातून जायला चर्नी रोडहून प्रभादेवीची स्लो लोकल आणि पूल ओलांडून परळ. गर्दीच्या वेळी अण्णांना डब्यात चढवायचं कसं, या विचाराने माझ्या पोटात गोळा यायचा. चर्नी रोडच्या फलाटावर एका हमालाने सांगितलं की अपंगांचा डबा असतो ना, तो कॅन्सरच्या पेशंटसाठीही असतो. डब्यावर तसं लिहिलेलंच असतं. टाटाचं कार्ड जवळ ठेवलं की झालं. त्या डब्यात बसायला जागा मिळाली आणि पहिल्याच दिवशी एका बाईंनी डोक्यावरचा स्कार्फ सारखा करत अण्णांना विचारलं, "कुठला?" अण्णांनी गालावर बोट ठेवलं. त्यांनी आपल्या छातीकडे हात नेला. दादरपर्यंत जाणाऱ्या त्या बाई आणि माझे वडील यांच्यात एवढंच बोलणं झालं, पण अण्णा त्या दिवशी हॉस्पिटलच्या पायऱ्या माझा हात न धरता चढले.

घरात मात्र वेगळंच चाललं होतं. "त्यांना सांगू नका, खचतील," असं आत्याच्या मुलाचं म्हणणं. गावाहून फोनवर माझ्या काकांचंही तेच. अल्सर आहे म्हणा, गाठ आहे म्हणा. मीही मान हलवत होते, कारण तो शब्द माझ्याच्याने उच्चारवत नव्हता. टाटाच्या दारावरचं नाव वाचता येणारा माणूस शेजारी बसलेला असताना आम्ही सगळे मिळून त्याच्यापासून काय लपवत होतो, देव जाणे.

एका नर्सने मला मेडिकल सोशल वर्करकडे पाठवलं. मला वाटलं, तिथे पैशांचे फॉर्म भरून घेतात. ते घेतातच. पण तिथल्या ताईंनी फॉर्म बाजूला ठेवून एकेक विचारायला सुरुवात केली. घरी कोण कोण? कमावतं कोण? रेशनकार्ड कुठल्या रंगाचं? मुंबईत कुठे राहता, स्वयंपाक कोण करतं? वडिलांना आजार माहीत आहे का? आणि मग, "रात्री त्यांच्याजवळ तुम्ही असता. तुम्ही झोपता कधी?" तोपर्यंत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, घाई केली नाही. मग म्हणाल्या, इथे मदत भरपूर आहे, पण ती तुमच्या दारात चालत येणार नाही. जे लागेल ते बोलून मागा. लाजायचं नाही.

मी मागायला लागले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मला नावानेच ठाऊक होती. २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झालेली ही योजना; आधी पिवळ्या-केशरी कार्डवाल्यांपुरती होती, आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू आहे आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार तिच्यात बसतात. योजनेतल्या हॉस्पिटलांत आरोग्यमित्र बसतात. उपचार सुरू होण्याआधी मंजुरी घ्यायची असते, म्हणून त्यांना पहिल्याच फेरीत भेटायचं. शंका असेल तर १५५३८८ हा फुकटचा नंबर आहे. योजनेत न बसणाऱ्या खर्चासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे, प्रभादेवीला सिद्धिविनायक मंदिराचा न्यास अर्ज घेऊन रुग्णांना मदत करतो, लालबागच्या राजाचं मंडळही करतं. इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून आहे, कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन १९६९ पासून. प्रत्येकाची कागदपत्रं थोडी थोडी वेगळी, पण डॉक्टरांच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक सगळीकडे लागतं. त्याच्या झेरॉक्स मी एकगठ्ठा काढून ठेवल्या.

राहण्यासाठी ताईंनी दोन नावं सांगितली. परळलाच नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा. पालकर समिती १९६८ पासून बाहेरगावच्या पेशंटांची सोय करते आहे. आम्हाला जागा धर्मशाळेत मिळाली. पंढरपूर, आळंदी, नाशिकला वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधणाऱ्या गाडगेबाबांबद्दल मी वाचनालयात किती पुस्तकं दिली-घेतली असतील. त्यांच्या नावाच्या इमारतीत आपली वळकटी टाकायची वेळ येईल, असं कधी मनातही आलं नव्हतं.

त्याआधी ऑपरेशन. इथे लालबागची खोली धावून आली. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. गिरण्यांच्या काळात गावोगावच्या ग्रामस्थ मंडळांनी लालबाग-परळच्या चाळींत खोल्या घेतल्या. गावचा माणूस नोकरीला आला की तिथे उतरायचा, एकेका खोलीत दहा-वीस जण पाळीपाळीने झोपायचे. गिरण्या गेल्या, बऱ्याच चाळींच्या जागी टॉवर आले, तरी आमच्या गावची खोली अजून टिकून आहे. पुरुषांची खोली, तिथे मी राहू शकत नव्हते. पण मी मंडळाच्या सेक्रेटरींना गाठून सरळ सांगितलं की मला रक्तदाते पाहिजेत आणि रात्री बसायला माणूस पाहिजे. दुसऱ्या दिवशी मुलं रक्त द्यायला हजर. कुणी कुरिअरवाला, कुणी मॉलचा सिक्युरिटी, एक जण बेस्टमध्ये कंडक्टर. रात्रीची पाळी त्यांनी खोलीतल्या फळ्यावर लिहून लावली होती, पूर्वी गिरणीच्या पाळ्या लिहीत तशी. ऑपरेशननंतरच्या त्या रात्री मी आत्याकडे जाऊन झोपू शकले ते त्या फळ्यामुळे.

अण्णांचा गाल काढला, मानेतल्या गाठी काढल्या आणि छातीचं मांस घेऊन गालाला लावलं. शुद्धीवर आल्यावर नाकात नळी, मानेला टाके, बोलणं बंद. हातात पाटी दिली. त्यांनी पहिलं लिहिलं, "गाय व्याली का?"

धर्मशाळेत आलो ते नळीसकट. हॉस्पिटलमध्ये सिस्टरने दाखवून दिलं होतं, आहाराचा कागद दिला होता, पण पहिल्यांदा एकटीने भरवताना माझे हात कापायला लागले. शेजारच्या खाटेवर बार्शीकडच्या एक मावशी होत्या, नवऱ्याची नळी त्या कित्येक दिवस सांभाळत होत्या. त्यांनी माझ्या हातातून सिरिंज घेतली. "आधी बसवा त्यांना सरळ. आडवं ठेवून घालायचं नाही, ठसका लागतो." नळीवरची खूण नाकाशी जिथल्या तिथे आहे ना, ते बोटाने दाखवलं, नळी सरकली असेल तर काहीही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल गाठायचं. मग सिरिंजचा दांडा काढून नुसतं नळकांडं नळीला लावलं, थोडं पाणी ओतलं. पेज त्यांनी आधी मिक्सरमधून काढून मलमलच्या फडक्यातून गाळली, फडकं पिळताना एक शीतही खाली येऊ दिलं नाही. "एक कण अडकला तर नळी बदलावी लागती. त्यांचे हाल." कोमट पेज त्या नळकांड्यातून आपल्या वजनाने हळूहळू उतरत होती, मावशी हात वर-खाली करून वेग राखत होत्या. "ढकलायचं नाही. पोटाला कळू द्यायचं." शेवटी परत पाणी, नळी बोटांनी चिमटून सिरिंज काढायची, झाकण लावायचं, अर्धा तास बसवून ठेवायचं. दर दोन-तीन तासांनी हेच. कधी डाळीचं पाणी, कधी नाचणीचं सत्त्व, कधी दुधात फेटलेलं अंडं. गाळणं मावशींच्या मनासारखं होईपर्यंत त्यांनी मला उठू दिलं नाही.

रात्री पेशंट झोपले की आम्ही बायका बाहेर बोळात बसायचो. परभणीची एक, मालद्याची एक, बार्शीच्या मावशी. मालद्याच्या मुलीची हिंदी आणि माझी हिंदी, दोन्ही सारख्याच. पण कुणाचा रिपोर्ट वाईट आला, कुणाच्या घरून फोन येणं बंद झालं, हे भाषेवाचून कळायचं. कुणी कुणाला "धीर धरा" म्हणत नसे. तो शब्द भेटायला येणाऱ्यांचा. आम्ही विचारायचो, आज काय खाल्लं त्यांनी? तुझं जेवण झालं का? एकीला बोलायला जमेना, तर दुसरी तिच्या पेशंटचा काढा गरम करून आणायची.

जेवणाचं बोलायचं तर हरखचंद सावला यांचं नाव घेतल्याशिवाय परळ पुढे सरकत नाही. जीवनज्योत या त्यांच्या संस्थेतर्फे हॉस्पिटलशेजारी कोंडाजी चाळीतून १९८० च्या दशकापासून पेशंट आणि नातेवाइकांना फुकट जेवण मिळतं आहे. उरलेली, मुदतीतली औषधं गोळा करून गरजूंना देण्याचं कामही त्यांचं. रांगेत थाळी धरून उभं राहताना पहिल्या दिवशी माझी मान खाली होती. वाढणाऱ्या बाईंनी "पेशंटला पातळ काही हवंय का?" एवढं विचारलं आणि मान आपोआप वर आली.

पण सगळ्यांना जागा मिळत नाही. टाटाच्या आसपासच्या फुटपाथवर, हिंदमाताच्या पुलाखाली, नाकात नळी घातलेली माणसं निळ्या प्लास्टिकखाली झोपलेली मी रोज पाहिली आहेत. २०२१ साली म्हाडाने अशा कुटुंबांसाठी टाटाला १०० सदनिका देऊ केल्या होत्या, करी रोडजवळच्या इमारतींत. रहिवाशांनी विरोध केला, निर्णयाला स्थगिती मिळाली आणि मग भोईवाड्यात, बॉम्बे डाईंगच्या जागेवरच्या इमारतीत सदनिका दिल्या गेल्या. सोय झाली हे चांगलंच. पण त्या विरोधामागची भीती मी फणसवाडीच्या गॅलरीत जवळून पाहिली आहे, आणि ज्या लालबाग-परळने परगावच्या माणसाला शंभर वर्षं पोटाशी धरलं, तिथे ती उगवावी याचं मला मनापासून वाईट वाटतं. लहान मुलांच्या बाबतीत तरी एक चांगली गोष्ट आहे: २००६ साली सुरू झालेल्या सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांत मूल आणि आईबाप उपचार संपेपर्यंत फुकट राहू शकतात. गोरखपूरच्या त्या मुलालाही तिथेच जागा मिळाली.

अण्णांशी मात्र मी अजून बोलले नव्हते. ते काम एका अनोळखी बाईंनी सोपं केलं. ओपीडीत व्ही केअरच्या एक स्वयंसेविका होत्या. वंदना गुप्ता यांनी स्वतः कॅन्सरमधून उठून १९९४ साली ही संस्था काढली. त्या स्वयंसेविकांनाही पूर्वी कॅन्सर झालेला. त्या माझ्याशी न बोलता थेट अण्णांशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "मलाही होता. बारीकसारीक काही विचारायचं असलं तर मला विचारा, डॉक्टरांना वेळ नसतो." अण्णांनी पाटीवर लिहिलं, "कॅन्सर किती वाढला होता तुमचा?" शब्द त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. पलीकडचे एक आजोबा म्हणाले, "अहो, पवारसाहेबांचं २००४ ला तोंडाचंच ऑपरेशन झालं. बघा, अजून फिरतायत." अण्णांनी मान डोलावली. ते पवारसाहेबांचे मतदार कधीच नव्हते.

त्या संध्याकाळी मी विचारलं, "अण्णा, तुम्हाला काय हवंय?" त्यांनी बराच वेळ पाटी हातात धरली, मग लिहिलं, "लावणीला घरी." ऑपरेशननंतर लाईट साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवी, त्यापेक्षा उशीर नको, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी जाऊन विचारलं. डॉक्टरांनी तारखा पाहिल्या, टाके पाहिले आणि मधले थोडे दिवस जाऊ दिलं. अण्णा बांधावर खुर्ची टाकून बसले, नळीसकट, आणि हातवारे करून सगळ्यांना कामाला लावलं. आईने त्या दिवसांत पेज गाळायला शिकून घेतलं. तोवर तिला आम्ही फोनवर फक्त "बरं आहे" सांगत होतो.

लाईट सोमवार ते शुक्रवार रोज, सहा आठवडे. मिनिटांचं काम, पण तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलून निघतं, चव जाते, थुंकी गिळवत नाही. त्यात पावसाळा. हिंदमाताला पाणी भरलं की दादरहून परळला जायची पंचाईत. अशा दिवशी लालबागच्या खोलीतला बेस्टवाला मुलगा सकाळीच फोन करून कुठून वळसा घ्यायचा ते सांगायचा, आणि एकदा तर त्याने अण्णांना पाठीवरच घेतलं.

बार्शीच्या मावशींच्या नवऱ्याचे उपचार थांबवायचं त्याच सुमारास ठरलं. आता आणखी केमोचा उपयोग नाही, असं सांगून डॉक्टरांनी त्यांना पॅलिएटिव्ह विभागाकडे पाठवलं. मला वाटलं, हात झटकले. तसं नव्हतं. तिथे दुखणं आटोक्यात आणण्याची औषधं नीट बसवून दिली, गावी जवळच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. बांद्र्याच्या शांती आवेदना सदनाबद्दलही सांगितलं. १९८६ साली सुरू झालेलं देशातलं पहिलं हॉस्पिस ते, शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटांची तिथे फुकट देखभाल होते. मावशींनी नवऱ्याला विचारलं. त्यांना बार्शीला जायचं होतं. गेले ते दुखण्याशिवाय, स्वतःच्या अंगणात, असं मावशींनीच फोनवर सांगितलं, आणि लगेच विचारलं, "अण्णांची नळी निघाली का?"

निघाली. आता अण्णा बोलतात, ओळखीच्याला कळेल इतकं. तोंड उघडण्याचा व्यायाम आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक ठेवून चालू आहे; एकेक काडी वाढवत न्यायची. आमच्या वाचनालयात कुणी ना कुणी चौकशीला येतं, कुणाच्या भावाला, कुणाच्या सासूला. मी आधी ब्लॉकचं सांगते, मग आरोग्यमित्राचं, आणि पेशंटला सगळं माहीत आहे का ते विचारते.

पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे. रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म मागच्याच वेळी सही करून आणलाय. कॅन्सरच्या पेशंटला स्लीपर आणि थ्री टायर एसीत पूर्ण सवलत असते, सोबतच्या एका माणसाला पाऊण. त्या सोबतच्या जागेवर या खेपेला आई येणार आहे. तिने कधी टाटा पाहिलेलं नाही. डॉक्टरांना विचारायचे तिचे स्वतःचे प्रश्न आहेत, ते तिने माझ्याकडून कागदावर लिहून घेतलेत. पहिला आहे, भाकरी कधी द्यायची? दुसरा तिने मला लिहू दिला नाही. म्हणाली, तो मी त्यांनाच विचारीन.